कथांची वारसदार : ॲना लिबराता डिसोझा

पुणे शहरातील कॅथलिक समाजाचा इतिहास सांगताना आपण सहसा वास्तूंपासून आरंभ करतो. पेशवाईच्या काळात, १७९२ साली, नाना पेठेत उभे राहिलेले निष्कलंक गर्भसंभव मातेचे सिटी चर्च, १८५० सालचे सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल, १८८६ साली स्थापन झालेला पुणे धर्मप्रांत, त्यानंतरच्या शाळा, वसतिगृहे आणि रुग्णालये. हा वारसा मोलाचा आहे, यात शंका नाही. परंतु दगडविटांत न मावणारा असाही एक वारसा या शहरातील एका कॅथलिक स्त्रीने जगाला दिला आहे. तिने ना चर्च बांधले, ना शाळा काढली. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या घरी चाकरी केली. मात्र आजीकडून ऐकलेल्या कथा तिने जपल्या आणि सांगितल्या. त्या कथांचा ग्रंथ १८६८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि दख्खनच्या लोककथा प्रथमच जगभरच्या वाचकांपुढे गेल्या. तिचे नाव ॲना लिबराता डिसोझा. लोकसाहित्याच्या अभ्यासकांत हे नाव सर्वपरिचित आहे. आपल्या धर्मग्रामांत मात्र ते क्वचितच उच्चारले जाते. म्हणूनच आज ॲनाबाईंच्या जीवनाचा हा परिचय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

घर सुटले, कथा सुटल्या नाहीत

ॲनाबाईंचे मूळ घराणे लिंगायत, कालिकतचे. पुढे ते गोव्याच्या परिसरात येऊन स्थायिक झाले. तेथे ॲनाबाईंच्या आजोबांनी पत्नी व कुटुंबासह ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. ही वार्ता ऐकून त्यांच्या वडिलांचा संताप अनावर झाला आणि त्यांनी मुलाला सहकुटुंब घराबाहेर काढले. श्रद्धेसाठी घरदार व गणगोत सोडावे लागलेल्या अनेक घराण्यांपैकीच हे एक होते. त्या काळी ख्रिस्ती माणसे इतकी विरळ होती की कोठे एखादा ख्रिस्ती बांधव भेटला तरी या कुटुंबाला अभिमान वाटे.

आजोबा इंग्रजांच्या फौजेत हवालदार होते. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात आजीही त्यांच्यामागोमाग चालत राहिली. ती अंगापिंडाने उंच, देखणी आणि काटक होती. पलटण जेथे जाई तेथे तीही जाई. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू धारातीर्थी पडला. त्या लढायांच्या हकिगती ती पुढे नातवंडांना रंगवून सांगत असे. परंतु तिच्या पोतडीत केवळ लढायाच नव्हत्या. राजे आणि राण्या, राक्षस, बोलणारे पक्षी, धूर्त कोल्हे, शापित राजकन्या यांचा एक प्रचंड मेळा तिच्या मनात वस्तीला होता. या कुटुंबाने नवा धर्म स्वीकारला, त्यासाठी वडिलोपार्जित घर सोडले. परंतु मातीतल्या कथा मात्र त्या उंबऱ्याशी राहिल्या नाहीत. त्या आजीबरोबर निघाल्या आणि पलटणीच्या मुक्कामांवरून अखेर पुण्याजवळच्या खडकीला येऊन पोहोचल्या.

खडकीचे दिवस

ॲनाबाईंचे वडील फौजेत तंबू उभारणाऱ्या लष्करींपैकी होते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशवे आणि इंग्रज यांच्यात खडकीची लढाई झाली, तेव्हा घरची मंडळी पुण्यामागच्या झाडीत दडून होती. लढाईनंतर नदी सामानसुमानाने भरून गेली होती. गाठोडी वाहत होती, घोडी वाहत होती आणि माणसे पोहून पैलतीर गाठण्याची धडपड करीत होती. त्या गडबडीत वडिलांच्या हाती एक मोठे भांडे आणि दोन चांगली तट्टे लागली. ती घेऊन ते छावणीत आले, तर पहारेकऱ्यांनी सारे काढून घेतले. इतिहासाची पुस्तके ज्या लढाईत मराठी राज्याचा अस्त पाहतात, तिची आठवण या घरात गेलेल्या तट्टांच्या रूपाने उरली होती. सामान्यांचा इतिहास बहुधा असाच असतो.

पुढे वडिलांकडे खडकीच्या कोठाराची देखरेख आली आणि कुटुंब तेथेच रुजले. सात भाऊ, एक बहीण आणि ॲना अशी भावंडे होती. घर गरिबीचे, पण स्वस्ताईच्या त्या काळात पोटापाण्याची भ्रांत नव्हती. शाळा नव्हत्या. लिहिणे-वाचणे ही मोठ्या लोकांची मिरासदारी होती. अशा घरात आजी हीच शाळा आणि तिच्या कथा हेच पाठ्यपुस्तक. मुले तिच्याभोवती कोंडाळे करून बसत आणि ती सांगत जाई. ॲनाने त्या कथा अशा ऐकल्या की अर्धशतकानंतरही त्यांतील नावे आणि प्रसंगांचा क्रम तिच्या मनात जागा होता.

वैधव्य आणि चाकरी

ॲनाचा विवाह झाला. पती गव्हर्नरांच्या निवासस्थानी नोकरीस होते. लॉर्ड क्लेअर मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असतानाचा, म्हणजे १८३१ ते १८३५ च्या सुमाराचा तो काळ. परंतु हा संसार अल्पकाळच टिकला. ॲना वीस वर्षांची असताना पतीचे तापाने निधन झाले. पदरी एक मुलगा आणि एक मुलगी. गाठीला पैसा नाही. तिने नोकरी करण्याचे ठरविले, तेव्हा तिला इंग्रजीचे एक अक्षरही बोलता येत नव्हते. साहेबांच्या घरी आयाचे काम करता करता ती ते शिकली.

आयेचे काम म्हणजे काय, हे आपल्या समाजातील अनेक जुनी कुटुंबे जाणतात. पुणे, मुंबई आणि खडकीच्या छावण्यांत आया, खानसामे, शिंपी आणि वाजंत्री म्हणून काम करणाऱ्यांत कॅथलिकांचा भरणा मोठा होता. परक्यांची मुले अंगाखांद्यावर वाढवायची आणि स्वतःची मुले मात्र दुसऱ्याच्या ओटीत घालायची, हे त्या चाकरीतले दुःख. ॲनाबाईंनी ते सोसले. त्याहून मोठा आघात पुढे व्हायचा होता. ज्या नदीच्या काठी त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, त्याच पुण्याच्या नदीत त्यांचा मुलगा बुडून मरण पावला. त्यानंतर मुलगी आणि नातवंडे हाच त्यांचा आधार राहिला. आजीच्या कथा आता त्या नातवंडांना सांगू लागल्या होत्या.

तंबूतील कथाकथन

१८६२ ते १८६७ या काळात सर बार्टल फ्रिअर हे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. १८६५-६६ च्या हिवाळ्यात ते दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर निघाले. शेकडो माणसांचा लवाजमा मुक्कामांमागून मुक्काम करीत चालला होता. गव्हर्नरांच्या पत्नी त्या वेळी इंग्लंडमध्ये होत्या. त्यामुळे त्यांची वडील कन्या मेरी सोबत होती. १८४५ साली जन्मलेली मेरी तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होती. छावणीत दुसरी युरोपीय स्त्री नव्हती. वाचून, लिहून आणि चित्रे काढून कंटाळलेल्या मेरीने एके दिवशी आपल्या सेवेतील ॲनाबाईंकडे गोष्टीचा हट्ट धरला.

ॲनाबाईंनी प्रथम साफ नकार दिला. हा नकार आम्हांस फार बोलका वाटतो. साहेबाच्या लेकीने ऐकावे असे आपल्यापाशी काही आहे, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसावे. मेरीने नातवंडांची आठवण करून दिली, तेव्हा कोठे त्या तयार झाल्या. आजीने सांगितलेली आणि नातवंडांना सांगत असलेली एक कथा त्यांनी सांगितली. मग दुसरी. मग तिसरी. मेरी ऐकताना टिपणे करी, नंतर कथा लिहून काढी आणि ती ॲनाबाईंना वाचून दाखवून तपशील बरोबर आहे की नाही, याची खात्री करून घेई. आज लोकसाहित्याचे अभ्यासक क्षेत्रकार्याचे जे नियम पाळतात, त्यांचा हा एक प्रारंभिक नमुना म्हणता येईल.

एका पिशवीतील चोवीस कथा

संग्रहात एकूण २४ कथा आहेत. त्यांतील पहिली, छावणीतही पहिल्यांदा सांगितलेली कथा 'पंचकिन' या जादूगाराची. त्याला कोणी मारू शकत नाही, कारण त्याचा जीव त्याच्या देहात नाहीच. दूर निबिड अरण्यात, एकावर एक ठेवलेल्या पाण्याच्या सहा घागरींखाली एक पिंजरा आहे आणि त्यातल्या हिरव्या पोपटात तो जीव दडला आहे. पोपटाचा पाय मोडला की जादूगाराचा पाय मोडतो, पोपटाची मान मुरगळली की तो मरतो. मराठीत जीव पोपटात असणे हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. त्या कल्पनेची ही पुण्यात जपली गेलेली कथा युरोपातील विद्वानांना इतकी महत्त्वाची वाटली की सर जेम्स फ्रेझर यांनी 'द गोल्डन बाऊ' या जगप्रसिद्ध ग्रंथात देहाबाहेरच्या जिवाची चर्चा करताना तिचा आधार घेतला.

'छोटी सूर्याबाई' ही गवळणीची मुलगी. तिला गरुड पळवून नेतात आणि आपल्या घरट्यात वाढवितात. राक्षसाचे तुटलेले नख हाताला लागून ती मृतवत पडते. एक राजा ते नख काढतो आणि ती जागी होते. पण सवतीने तळ्यात ढकलल्यावर ती सोनेरी सूर्यफूल होऊन उगवते. ते फूल जाळले तर राखेतून आंब्याचे झाड येते. त्या झाडाचा आंबा नेमका तिच्या जन्मदात्या गवळणीच्या भांड्यात पडतो. जाळून, बुडवून, पुरूनही सत्य पुन्हा वर येते, ही या कथेची शिकवण. ती सांगताना नवरा आणि मुलगा गमावलेल्या त्या माउलीच्या मनात काय आले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

सूर्य, चंद्र आणि वारा यांची कथा तर आजही लहान मुलांना सांगावी अशी आहे. तिघे भावंडे काका मेघगर्जना आणि काकू वीज यांच्याकडे जेवायला जातात. त्यांची आई, एक दूरची तारका, घरीच राहते. सूर्य आणि वारा पोटभर जेवून रिकाम्या हाती परततात. चंद्र मात्र प्रत्येक पदार्थातला थोडा घास आपल्या लांब नखांखाली आईसाठी राखून आणतो. आई सूर्याला शाप देते की तुझे किरण लोकांना भाजतील. उन्हाळ्यातला वारा सर्वांना नकोसा होईल, असा शाप वाऱ्याला मिळतो. चंद्राला मात्र ती शीतल आणि सर्वांना प्रिय होण्याचे वरदान देते. आईवडिलांचा मान राखण्याची जी आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करतो, ती एका निरक्षर आजीने मुलांच्या मनात अशी रुजविली.

विनोदालाही येथे तोटा नाही. पावसाळ्याच्या रात्री एक वाघ म्हातारीच्या झोपडीच्या आडोशाला येतो. गळक्या छपराच्या टिपटिपीला त्रासलेल्या म्हातारीची कुरकुर ऐकून त्याला वाटते, टिपटिप हे कोणी तरी आपल्याहून भयंकर जनावर असावे. तेवढ्यात हरवलेले गाढव शोधीत आलेला कुंभार अंधारात त्याचाच कान धरतो, त्याला बदडतो आणि घरी नेऊन बांधतो. दुसऱ्या दिवशी तोच कुंभार शूरवीर ठरतो आणि राजा त्याला सेनापती करतो! आणि आपल्या प्रत्येकाने ऐकलेली चिमणी-कावळ्याची गोष्ट? तीही या संग्रहात आहे. आपल्या मराठी गोष्टीत कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे असते. ॲनाबाईंच्या कथेत कावळ्याचे घर निवडुंगाच्या कुंपणावर रचलेल्या काड्यांचे आहे. पाऊस मात्र दोन्हीकडे तोच, आणि तो कावळ्याचेच घर वाहून नेतो.

सर्वांत विस्मयकारक आहे ती चंद्रा नावाच्या स्त्रीची सूडकथा. पतीवर चोरीचा खोटा आळ येतो, राजा त्याला देहदंड देतो आणि पतिव्रतेच्या क्रोधाग्नीत मदुरा नगरी जळून जाते. ही कथा म्हणजे 'शिलप्पदिकारम्' या प्राचीन तमिळ महाकाव्यातील कण्णगीचीच कहाणी. ते महाकाव्य उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी संपादित करून समग्र रूपात छापले ते १८९२ साली. त्याच्या २४ वर्षे आधी त्याच कथेचे एक लोकरूप पुण्याच्या एका आयेच्या मुखातून इंग्रजी ग्रंथात उतरले होते. कालिकतहून गोवा आणि गोव्याहून खडकी असा प्रवास केलेल्या या घराण्याने दक्षिणेचे केवढे धन सोबत आणले होते, याची साक्ष यातून पटते.

ग्रंथ कोणाचा?

१८६८ साली लंडनच्या जॉन मरे या प्रकाशनसंस्थेने हा संग्रह 'ओल्ड डेक्कन डेज' या नावाने प्रसिद्ध केला. त्यातील चित्रे मेरीची बहीण कॅथरीन हिने काढली आणि प्रस्तावना स्वतः बार्टल फ्रिअर यांनी लिहिली. ग्रंथाच्या आवृत्त्या निघाल्या, अन्य भाषांत अनुवाद झाले. १८९२ साली जोसेफ जेकब्स यांनी आपल्या प्रसिद्ध भारतीय कथासंग्रहात त्यातील कथा घेतल्या. जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८१२ साली लोककथांच्या संग्रहाचा जो पायंडा पाडला, त्याचे लोण आता जगभर पसरत होते. १८८८ साली हवाई बेटांचा राजा कालाकौआ याने आपल्या बेटांच्या दंतकथांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या मालिकेत भारताच्या वतीने अगदी आरंभी उभा असलेला ग्रंथ ॲनाबाईंच्या कथांचा होता.

परंतु मुखपृष्ठावर नाव होते ते मेरी फ्रिअर यांचे. ग्रंथालयांच्या नोंदींतही तेच नाव आढळते. येथे न्यायाने बोलावयाचे तर मेरी यांचे एक ऋण मान्य करावेच लागेल. ज्या काळात कथा सांगणाऱ्या चाकरमाणसांची नावे कोणी नोंदवीत नसे, त्या काळात त्यांनी ॲनाबाईंचे पूर्ण नाव छापले आणि त्यांची जीवनकहाणी स्वतंत्र प्रकरण म्हणून ग्रंथात घातली. आज आपण ॲनाबाईंविषयी जे काही जाणतो, ते मुख्यत्वे त्या प्रकरणामुळेच. तरीही ती कहाणी मालकिणीच्या लेखणीतून उतरलेली आहे, हे विसरता येत नाही. सांगणारी चाकर आणि लिहिणारी गव्हर्नरांची कन्या, ही दरी त्या पानांत कायम आहे. अलीकडे अभ्यासकांचे लक्ष या दरीकडे वळले आहे. २००२ साली किरिन नारायण यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली आणि २०२० साली लीला प्रसाद यांनी आपल्या ग्रंथात ॲनाबाईंना एक स्वतंत्र, स्वाभिमानी कथाकार म्हणून मानाचे स्थान दिले. आपल्या समाजानेही हे स्थान ओळखावे, अशी आमची इच्छा आहे.

श्रद्धा आणि मातीची नाळ

ग्रंथाच्या उपशीर्षकात या कथांना हिंदू परीकथा म्हटले आहे. त्या सांगणारी मात्र आजोबांच्या पिढीपासून ख्रिस्ती असलेल्या घरातील स्त्री. यात विसंगती आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. ॲनाबाईंच्या आजीने श्रद्धेची किंमत घरदार सोडून मोजली होती. तिच्या निष्ठेविषयी कोणास शंका घेता येणार नाही. तरीही तिने राक्षसांच्या, राजांच्या आणि महादेव-पार्वतीच्या कथा नातवंडांना सांगितल्या, कारण त्या तिच्या मातीच्या कथा होत्या. धर्मांतर म्हणजे आपल्या भाषेशी, ओव्यांशी आणि कथांशी काडीमोड, असा समज कधी बाहेरच्यांचा असतो, तर कधी आपल्यातीलच काहींचा. या दोन्ही समजांना उत्तर द्यायला वादविवादाची गरज नाही. खडकीच्या एका कॅथलिक घरात, आजीभोवती बसलेल्या नऊ भावंडांचे चित्र पुरेसे आहे.

अखेर

फ्रिअर कुटुंब १८६७ साली इंग्लंडला परतले. मेरी फ्रिअर यांचे निधन १९११ साली झाले. ॲनाबाई मात्र पुण्याच्याच राहिल्या. १४ ऑगस्ट १८८७ रोजी अल्पशा आजारानंतर गणेशखिंड येथील गव्हर्नरांच्या निवासस्थानी त्यांनी देह ठेवला. दुसरा दिवस होता पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाचा. ज्या वास्तूच्या परिसरात त्यांचा अंत झाला, तिचे बांधकाम फ्रिअर यांच्याच कारकिर्दीत, १८६४ साली सुरू झाले होते. आज ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. शाळेचे तोंड न पाहता वाढलेली एक कथाकार जेथे निवर्तली, तेथे आज विद्येचे मंदिर उभे आहे.

आपल्या धर्मग्रामांतही अशा आजी आहेत. कोणी कोकणीत सांगते, कोणी मराठीत, कोणी दोन्हींच्या मिश्रणात. दूरदर्शन आणि संगणकाच्या या युगात त्यांच्याकडे गोष्ट मागणारे मात्र कमी झाले आहेत. मेरी फ्रिअर हिने हट्ट धरला नसता तर ॲनाबाईंचा खजिना त्यांच्याबरोबरच मातीआड गेला असता. तेव्हा हा हट्ट आता आपल्या मुलांनी धरावा. युवा मंडळांनी आणि महिला मंडळांनी आपापल्या विभागातील वृद्धांकडून कथा, ओव्या आणि आठवणी लिहून घ्याव्यात, ध्वनिमुद्रित कराव्यात आणि त्यांखाली सांगणाऱ्याचे पूर्ण नाव आवर्जून घालावे. तसेच येत्या २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, आपण आपल्या आप्तांसाठी मेणबत्ती लावू, तेव्हा एक मेणबत्ती ॲना लिबराता डिसोझा यांच्यासाठीही लावू या. या पुण्यभूमीच्या कथा जगाला देणाऱ्या आपल्या या भगिनीस प्रभू चिरशांती देवो.